कोणीतरी हसलं

१२ जानेवारी २०२५

पहिल्या पानावर नाव लिहायचं असतं म्हणून लिहितो. नितेश सकपाळ, भांडुप. वही मनालीने दिली. म्हणाली, आपण काय केलं ते लिहून ठेव, तुझ्या तोंडून दर वेळी वेगळंच ऐकायला मिळतं.

तर आम्ही दोघं मिळून 'पटकन'. नियम एकच. सकाळी सुचलं की दिवस मावळायच्या आत करून लोकांसमोर टाकायचं. मी कॅमेरा आणि एडिटिंग बघतो, मनाली प्रोग्राम लिहिते. सोसायटीच्या लिफ्टला आम्ही तक्रारखोर सासूचा आवाज दिला, कबुतरांच्या घुमण्याला सेक्रेटरीच्या भांडणाची सबटायटल्स दिली. आज गल्लीतल्या एकवीस घरांच्या बेल रेकॉर्ड करून त्यातून वाढदिवसाचं गाणं बनवलं. दोनशे बारा लोकांनी पाहिलं. त्यातले निम्मे नातेवाईक.

एकतिसावं चालू आहे. पोटासाठी लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ कापतो. बाबा विचारतात, हे पटकन वगैरे किती दिवस चालणार. मी सांगतो, एकच चांगली गोष्ट सापडायची आहे.

२० जानेवारी

कांदिवलीला पोईसर गावठाणात आमची खोली आहे, म्हणजे रिचर्ड मिस्किटांच्या घराची पुढची खोली. त्यांचा भाऊ मार्कस तिथे पोरांना ट्रम्पेट शिकवायचा. तो वारल्यावर खोली बंदच होती. रिचर्ड अंकल पंचाहत्तरीचे, उंच, गोरेपान, रोज दाढी करून इस्त्रीचा शर्ट घालणारे. त्यांची बायको बेटी आंटी घरून मसाले करून विकते.

आज सकाळी सात वाजता कॅमेरा तपासत होतो तर अंकल येऊन समोरच्या स्टुलावर बसले आणि त्यांच्या लग्नाची गोष्ट सांगायला लागले. कॅमेरा चालूच होता.

एकोणऐंशी सालचा मे महिना. बांद्र्याहून आणलेले चॉकलेटी बूट, कोरे करकरीत. चर्चला निघायच्या ऐन वेळी टायगर कुत्रा डावा बूट तोंडात धरून पळाला. सूट घातलेले अंकल त्याच्या मागे शेतातून. मार्कस बॅन्ड घेऊन दारात उभा होता, त्याला वाटलं वरात निघाली, तोही वाजवत मागे. अख्ख्या गावाला फेरी झाली. बूट काही मिळाला नाही. एका पायात बूट, एका पायात मोजा, असे चर्चमध्ये गेले. फादर फर्नांडिसांनी चष्मा काढून पुसला. आणि बेटीने खाली पायांकडे बघितलं आणि इतकी हसली, इतकी हसली, की डोक्यावरचा जाळीचा व्हेल खाली पडला. फादर विचारतायत, हा नवरा पसंत आहे का, आणि हिला हो म्हणायला श्वास नाही.

सहा मिनिटं. मी आणि मनाली पोट धरून हसलो. आंटी दारातून म्हणाली, "छेचाळीस वर्षं हेच ऐकते मी."

२१ जानेवारी

अंकल परत आले, सातच्या ठोक्याला. तीच गोष्ट, तेच हातवारे, चष्मा पुसायची तीच नक्कल. आपण काल सांगितली याचा पत्ताच नाही, किंवा तसा अभिनय. मनाली माझ्याकडे बघत होती. माझ्या डोक्यात मात्र भलतंच चालू झालं होतं.

रोज शूट करायचं. तीच जागा, तीच फ्रेम. मग सगळ्या सकाळी एकावर एक ठेवायच्या, पारदर्शक. पन्नास रिचर्ड एकाच वेळी एकच गोष्ट सांगताहेत.

मनाली म्हणाली, आपला नियम एका दिवसाचा आहे. मी म्हटलं, रोज पटकनच करायचं, फक्त पन्नास वेळा.

२४ जानेवारी

आंटीला विचारलं. तिला उलट बरं वाटलं. अंकल हल्ली आंघोळीला टाळाटाळ करतात म्हणे, पण शूटिंग आहे म्हटलं की स्वतःहून उठून दाढी करतात. "रोज कर बाबा," म्हणाली. "सगळं नीट ठेव."

३ फेब्रुवारी

मनालीचा प्रोग्राम झकास झाला आहे. प्रत्येक सकाळचे शब्द वेगळे काढतो आणि सगळ्या दिवसांतला तोच शब्द एका रेषेत आणतो. चौदा अंकल एकदम 'बूट' म्हणतात तेव्हा खोली हलते. गंमत म्हणजे अंकल गोष्ट घट्ट करत चालले आहेत. चॉकलेटी रंग गेला, बांद्रा गेलं. नुसते 'नवीन बूट'. खरंच आहे, रंगाची गरज काय?

१९ फेब्रुवारी

टायगर गेला. आता फक्त 'कुत्रा'. लग्नसराईच्या कामात बऱ्याच सकाळी हुकतात, तरी साडेतीन मिनिटांवर आलो. असा एडिटर मला लग्नांच्या कामाला मिळाला तर!

६ मार्च

मार्कसही गेला. आज म्हणाले, "मागे कोणीतरी वाजवत होतं." मार्कसने जिथे तीस वर्षं ट्रम्पेट शिकवला त्याच खोलीत बसून म्हणाले. मी विचारलं, कोण वाजवत होतं अंकल? ते माझ्याकडे बघत राहिले, मग हसले आणि म्हणाले, "तूच ना?" टायमिंग बघा माणसाचं.

मनाली हसली नाही. कॅमेरा बंद झाल्यावर म्हणाली, "नितेश, यांना दाखवलं पाहिजे कुणाला तरी." मी म्हटलं, घरात बायको आहे ना, तिला दिसत नसेल का? मनालीला जिथे तिथे दुखणं दिसतं. कबुतरांच्या वेळीही तिने एका दुखऱ्या पंखापायी सबंध सकाळ घालवली होती.

१७ मार्च

आज एक खेळ केला. जुना मोठा टीव्ही स्टुलासमोर ठेवला आणि त्यावर कालचे अंकल लावले. आजचे अंकल आले, बसले, आणि कालच्यांनी आधी सुरुवात केली.

मला वाटलं होतं दोघं एका सुरात बोलतील. झालं वेगळंच. आधी नीट ऐकलं. मान डोलावली. मग उठून उभे राहिले आणि पडद्याला म्हणाले, "ए, हे माझं आहे. तुला कोणी सांगितलं?" कालचे अंकल बोलतच राहिले. आजच्यांनी पडद्यावर चापट मारली, आणखी एक मारली, मग हात तसाच काचेवर ठेवून उभे राहिले. चार मिनिटं अकरा सेकंद. मी श्वास रोखून शूट केलं. असं काही मी आजवर मिळवलेलं नाही.

मनालीने टीव्हीची वायर ओढली म्हणून तिथे तुटलं.

१८ मार्च

आंटी म्हणाली, काल ते जेवले नाहीत. कोणीतरी घरात शिरून माझ्या जागी बसतो, दार लाव, असं सारखं म्हणत होते. मी म्हटलं, भूमिकेत शिरलेत. आंटी मिरच्या निवडत होती, निवडत राहिली.

३ एप्रिल

मोठा दिवस.

अंकलनी शेवट बदलला. चर्चमध्ये पोहोचले, खाली पायांकडे बघितलं, आणि 'बेटी इतकी हसली' या जागी थांबले. वर पंख्याकडे बघितलं. किती तरी वेळ. मग म्हणाले, "कोणीतरी हसलं."

बस. तिथेच संपवलं.

नवरीच काढून टाकली! नाव गाळलं की गोष्ट सगळ्यांची होते, हे आम्हाला कोर्समध्ये दोन वर्षं फी घेऊन शिकवलं तरी जमलं नाही, आणि हा सातवी शिकलेला माणूस पंख्याकडे बघून करतो. नावही मिळालं कामाला. 'कोणीतरी हसलं.'

आंटी तेव्हा चहा घेऊन दारात आली होती. मी तिला हाताने खूण केली की थांब, आवाज नको. ती थांबली. पण कपबश्या वाजत राहिल्या, थांबतच नव्हत्या. तो आवाज काढावा लागेल.

५ एप्रिल

मनाली गेली.

काल तिने एक तक्ता दाखवला. पहिल्या दिवसाचे सगळे शब्द, आणि जो शब्द गळाला तो राखाडी. वरची ओळ काळीभोर, खाली येता येता पान राखाडी होत जातं. मी म्हटलं, हे तर भारीच, हेही भिंतीवर लावू. तिने तक्ता परत घेतला.

मग म्हणाली, "तुला खरंच कळत नाही, का कळून घ्यायचं नाही?"

मी म्हटलं, ते स्वतः येतात, खुशीने येतात, शर्ट घालून येतात. आपण त्यांना काही करायला लावलं का? ती म्हणाली, टीव्ही कोणी लावला होता? तिने तिच्याकडचं सगळं माझ्या डिस्कवर टाकलं, स्वतःच्या मशीनमधून पुसलं, किल्ली टेबलावर ठेवली. नाव कुठेही द्यायचं नाही म्हणाली. आठ वर्षांची मैत्री. जाताना अंकलच्या पाया पडली, आणि ते तिला म्हणाले, "ये हां मुली, आईला विचारलं सांग." तिची आई बोरिवलीला असते, अंकलनी तिला कधी पाहिलेलंही नाही.

प्रोग्राम आहे माझ्याकडे. चालवता येतो.

१६ एप्रिल

शेवटचे वीस सेकंद, त्रेचाळीस अंकल एकावर एक, टाकून बघितले. दुपारपर्यंत नऊ लाख. नऊ लाख! लोक त्यावर आपापले व्हिडिओ करताहेत, एका पायात बूट घालून. बाबांच्या जुन्या मिलवाल्या मित्रांच्या ग्रुपवरही आला. बाबांनी फोन करून विचारलं, "हे तू केलंस?" आवाज वेगळा होता त्यांचा.

२४ एप्रिल

गल्लीत पोरं अंकलना विचारतात, दुसरा बूट कुठे? अंकल थांबतात, खाली बघतात, दोन्ही पायांत चप्पल असते, तरी गोंधळतात. रिक्षावाले पण विचारतात. नाक्यावर दोघांनी त्यांना मधे घेऊन व्हिडिओ काढला. आंटी म्हणाली, तेवढा तो व्हिडिओ काढून टाकता येईल का? मी तिला समजावलं की आता तो माझ्या हातात राहिलेला नाही. हे खोटं नाही. माझा मी काढू शकतो, पण बाकीच्यांचे राहणारच, मग उपयोग काय?

३० एप्रिल

बावन्नावी सकाळ. अख्खी गोष्ट अठरा शब्दांची. "बूट होते. नवीन होते. कुत्रा आला. मी धावलो. वाजत होतं. कुठेतरी जायचं होतं. गेलो. मग कोणीतरी हसलं. हो." शेवटचा 'हो' नवीन आहे. तो ठेवणार.

६ मे

सकाळी अंकल आले नाहीत. आठ वाजता आंटी आली, हाताला मसाला तसाच. अंकल घरात नव्हते. दारात एक बूट होता, एक नव्हता.

आम्ही शोधायला निघालो. आंटी चर्चच्या बाजूला, मी स्कूटरवरून हायवेकडे. कॅमेरा पाठीवरच्या बॅगेत असतोच, मुद्दाम घेतला नव्हता. एक वाजता समतानगरच्या पलीकडे सर्व्हिस रोडवर दिसले. एका पायात बूट, दुसरा पाय अनवाणी, डांबर तापलेलं. ते वाकून पार्क केलेल्या गाड्यांखाली बघत होते. एकेका गाडीखाली. तळव्याची साल गेली होती, मागे रस्त्यावर ओले ठसे. मी त्यांना लांबून हाक मारली नाही. आधी अडीच मिनिटं शूट केलं. मग गेलो.

मला बघून म्हणाले, "तू पण शोधतोस?"

हे मी लिहिलं कारण मनाली म्हणते मी गोष्ट बदलून सांगतो. बदलली नाही. अडीच मिनिटं.

९ मे

पायाला टाके नाहीत, ड्रेसिंग आहे. आंटीने मला आत बोलावलं, पहिल्यांदाच स्वयंपाकघरात. तिने सांगितलं की डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. हे असंच होत जाणार, आधी नावं जातील, मग माणसं. औषधाने थोडं लांबतं, थांबत नाही.

मी विचारलं, मग मला आधी का नाही सांगितलं?

ती म्हणाली, "मला वाटलं तुला माहीत आहे. मला वाटलं म्हणूनच रोज घेतोस. जाईल त्याच्या आधी."

मी मान हलवली. होही नाही, नाहीही नाही. शूटिंग बंद करू या म्हणाली. मी लगेच हो म्हटलं. तसंही सत्तावन्न पुरे आहेत.

मला वाईट वाटलं, हे लिहून ठेवतो. संध्याकाळपर्यंत काम केलं नाही.

११ जून

अंधेरीच्या गॅलरीला प्रदर्शनासाठी काम पाठवायची मुदत उद्या. डिस्क भरली, रेंडर, म्हणजे अख्खा व्हिडिओ बांधायचं काम, मधेच थांबत होतं. सगळ्या सकाळींचं मूळ फुटेज पुसलं, प्रोग्रामने जुळवलेले तुकडे फक्त ठेवले. सगळ्या दिवसांत नसलेल्या शब्दांचा तसाही उपयोग नव्हता. आता भराभर चाललं.

१५ जुलै

निवडलं. एकशेचाळीस जणांतून तीन, त्यात मी! परीक्षक बाईंनी लिहिलं आहे, 'विस्मरणाकडे इतक्या कोवळ्या नजरेने क्वचितच बघितलं गेलं आहे.' चार वेळा वाचलं. आईला वाचून दाखवलं. पुढच्या वर्षी परदेशात तीन महिने राहून काम करायची संधीही मिळू शकते.

मनालीला मेसेज केला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

२३ ऑगस्ट

उद्घाटन. बारा फुटांचा पडदा, अंधार, आवाज चारी बाजूंनी. पहिल्या भिंतीवर सर्व्हिस रोडचं फुटेज, हळू केलेलं. लोक येऊन माझा हात हातात घेत होते. एक बाई रडली.

आंटीला मी आमंत्रण दिलं होतं, येईल असं वाटलं नव्हतं. आली. अंकलना सूट घालून आणलं होतं, दोन्ही बूट पॉलिश केलेले. लोक बाजूला झाले, कुणीतरी कुजबुजलं, हेच ते, आणि सगळ्यांचे फोन वर आले. अंकल पडद्यासमोर जाऊन उभे राहिले. सत्तावन्न तोंडं बोलत होती. मी शेजारीच होतो. ते सगळं बघून झाल्यावर माझ्याकडे वळले आणि अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "बिचारा. ह्याला कोणी घरी का नेत नाही?"

मी काय बोललो आठवत नाही. काहीतरी बोललो. लोक टाळ्या वाजवत होते, कारण त्यांना वाटलं अंकल काही छान म्हणाले.

आंटी पूर्ण बघायला थांबली. मग अंकलचा हात धरून घेऊन गेली.

८ सप्टेंबर

आंटीचा फोन. मेनंतर मी तिकडे फिरकलो नव्हतो, खोली सोडतो असं कळवलं होतं. म्हणाली, खोली सोडतोस तर सोड, पण पहिल्या दिवसाचं दे. जानेवारीतलं, सहा मिनिटांचं. मी सांगितलं, पुसलं गेलं. तुकडे आहेत, हवे तर पेन ड्राइव्हवर देतो.

तिने तुकडे मागितले नाहीत. मग म्हणाली, "उद्या सातला ये."

९ सप्टेंबर

गेलो. अंकल स्टुलावर बसले होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. कॅमेऱ्याच्या रिकाम्या जागेकडे बघत. आंटी म्हणाली, रोज असेच बसतात सातपासून, मे महिन्यापासून. दुपारपर्यंत उठत नाहीत, घास घेत नाहीत. आधी वाटलं सवय जाईल. नावं गेली, माणसं गेली, हे तेवढं गेलं नाही.

मी कॅमेरा काढला तर म्हणाली, तो नको. "ते आता सांगत नाहीत. तू सांग. या वर्षी तूच ऐकली आहेस सगळ्यात जास्त."

ती भिंतीला टेकून खाली बसली. मी अंकलसमोर जमिनीवर बसलो आणि सांगितलं. बूट, कुत्रा, शेतातून धावणं, मागून बॅन्ड, चर्च. माझ्या लक्षात होतं त्याहून जास्त आठवलं, चॉकलेटी रंगसुद्धा, टायगर, फादरचा चष्मा. अंकल मन लावून ऐकत होते. मी शेवटावर आलो, थोडा थांबलो, जसे ते थांबायचे तसा, आणि म्हटलं, "मग कोणीतरी हसलं."

अंकल हसले. म्हणाले, "छान आहे. कुणाची गोष्ट?"

आंटी म्हणाली, "परत सांग."

परत सांगितली. या वेळी मार्कसचाही भाग नीट सांगितला. शेवट तोच. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"परत सांग."

१२ सप्टेंबर

चौथा दिवस. अंकल मी सांगितल्यावर दोन पोळ्या खातात, म्हणजे उपयोग होतोय. परदेशाचा फॉर्म भरायचा राहिला आहे, पण आंटी सोडत नाही. आज पाच वेळा सांगायला लावली. दर वेळी शेवटी पुढे झुकते, वाट बघितल्यासारखी, आणि मी संपवलं की मागे टेकते.

मी विचारलं, आंटी, काय चुकतंय? काही राहतंय का?

"काय नाय," म्हणाली. "उद्या ये."

बूट, बांद्रा, टायगर, मार्कस, बॅन्ड, फादर, चष्मा, शेवटी कोणीतरी हसलं. घरी येऊन यादी केली. सगळं सांगितलं आहे.